खेळात राजकारण कोण आणतो?



चैत्र लागला की आपल्या मुळशीत गावोगावच्या यात्रा सुरू होतात. सकाळी देवाचा अभिषेक, रात्री छबिना, आणि तिसऱ्या प्रहरी कुस्त्यांचा आखाडा. हलगी घुमू लागते. पोरंसोरं रेवड्यांवर लढतात, मग नारळाच्या कुस्त्या, मग रोख इनामाच्या, आणि दिवस मावळायच्या बेताला शेवटची निकाली कुस्ती. आता पाहा, कुणाची जोड कुणाशी लावायची, इनाम किती ठेवायचे, फेटा कुणाला बांधायचा, हे ठरवणारे चार लोक असतात. ते चार लोक कोण आणि ते तिथे का बसलेले असतात, हे गावात सर्वांना ठाऊक असते. तरीसुद्धा एखादा बाप उठून म्हणाला, की “माझ्या पोराची जोड मुद्दाम वाईट लावली,” तर त्याला काय ऐकावे लागते? “अरे बाबा, खेळात राजकारण आणू नकोस!”

हेच वाक्य २०२३ साली आपण पारावर आणि चहाच्या दुकानात पुष्कळदा ऐकले. त्या वर्षी जानेवारीत साक्षी मलिक, विनेश फोगाट आणि बजरंग पुनिया हे देशातले नामांकित कुस्तीगीर दिल्लीला जंतर मंतरवर धरणे धरून बसले. कुस्ती महासंघाच्या त्या वेळच्या अध्यक्षांनी महिला कुस्तीगिरांशी गैरवर्तन केले, असा त्यांचा आरोप होता. अध्यक्षांनी तो साफ नाकारला. प्रकरण पुढे न्यायालयात गेले, आणि त्याचा निवाडा करणे हे आपले काम नव्हे. पण २८ मे रोजी पोलीस त्या खेळाडूंना उचलून नेत आहेत, ही चित्रे घरोघर दिसली. त्यावर आपल्याकडच्या जुन्या, मातीत हाडे मुरलेल्या पैलवानांतही दोन तट पडले. कुणी म्हणाले, “पोरींनी धीर केला.” कुणी म्हणाले, “पैलवानाने मेहनत करावी, खुराक खावा, कुस्ती मारावी. त्याला मोर्चे कशाला हवेत?”

या दुसऱ्या माणसाचे म्हणणे मी उडवून लावत नाही. खेळाची जागा निदान भांडणांपासून मोकळी असावी, ही इच्छा वाईट नाही. दिवसभर बांधाच्या नि पाण्याच्या कज्ज्यांत जीव आंबलेला माणूस घटकाभर आखाड्यात बसतो, तो तेवढ्याचसाठी. पण आपणच विचार करा, राजकारण खेळात तक्रार करणारा आणतो, की ते आधीच तिथे येऊन बसलेले असते आणि तक्रार करणारा फक्त त्याचे नाव घेतो?

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मी आपणांस आपल्याच जिल्ह्यात घडलेली, शंभर वर्षांपूर्वीची हकिगत सांगतो. ती पैलवानाची नाही, क्रिकेटच्या गोलंदाजाची आहे. त्याचे नाव पळवणकर बाळू.

बाळूचे घराणे मूळ कोकणातले, चर्मकार समाजातले. वडील लष्कराच्या नोकरीत. बाळू आणि त्याचे भाऊ पुण्यात वाढले, आणि गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-चेंडूंवर क्रिकेट शिकले. पुढे बाळूला पुण्यात पारशी मंडळींच्या मैदानावर काम मिळाले. मैदान झाडायचे, खेळपट्टीवर रूळ फिरवायचा, पगार महिना तीन रुपये. मग १८९२ च्या सुमारास तो साहेब लोकांच्या क्लबात लागला आणि पगार चार रुपये झाला. तिथे जाळे बांधणे, खेळपट्टी राखणे ही कामे तर होतीच, शिवाय साहेबांना सराव हवा असला म्हणजे त्यांना गोलंदाजी करायची. ग्रेग नावाचा एक पट्टीचा इंग्रज फलंदाज तिथे होता. बाळूने आपल्याला बाद केले की तो त्याला आठ आणे देई, असे सांगतात. डाव्या हाताने चेंडू असा फिरवायचा की भल्याभल्यांची भंबेरी उडावी, ही कला बाळूने अशी रोजंदारीवर कमावली. मात्र या क्लबात तासन्‌तास गोलंदाजी करणाऱ्या बाळूच्या हातात कुणी बॅट दिली नाही. फलंदाजी हा साहेबांचा मान होता.

मंडळी, येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. बाळू हौसेखातर खेळणारा नव्हता. खेळ हे त्याच्या पोटाचे साधन होते. आज ज्याला आपण व्यावसायिक खेळाडू म्हणतो, तसाच तो, फक्त चार रुपयांचा. अशा माणसाला “नाही” म्हणणे फार महाग पडते. हौशी माणूस रुसला तर घरी जाऊन जेवतो. पोटासाठी खेळणारा रुसला तर त्याच्या घरी चूल पेटेलच असे नाही.

पुढे पुण्याच्या हिंदू क्रिकेट संघाला साहेबांच्या संघाला हरवायची इच्छा झाली. बाळूइतका गोलंदाज तर दुसरा नाही! त्याला घ्यावे की न घ्यावे यावर वाद झाला. शेवटी जिंकण्याची इच्छा मोठी ठरली आणि बाळूला घेतले. मैदानावर तोच चेंडू सर्वांच्या हातांतून फिरे. पण चहाची वेळ झाली की बाकीच्यांचा चहा कपात आणि आत, आणि बाळूचा चहा मातीच्या वाडग्यात आणि बाहेर. जेवायलाही त्याचे पान वेगळे. त्याच्या हातचा चेंडू चाले, त्याच्या शेजारचे पान चालत नसे.

आता सांगा, त्या मैदानावर राजकारण कुणी आणले होते? बाळूने तर अजून तोंडातून शब्द काढला नव्हता. तो मुकाट्याने गडी बाद करीत होता. राजकारण त्या मातीच्या वाडग्यात होते, आणि ते रोज चहाबरोबर वाढले जात होते. कुणाला ते राजकारण वाटत नव्हते एवढेच. त्याला रीत म्हणत.

ही रीत बोचणारी माणसे त्या काळीही होती. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी खेळाडूंना सुनावले, की ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर जेवायला काय हरकत आहे, अशी नोंद आहे. पण चांगल्या माणसाचा एक शब्द रीत बदलायला पुरत नाही. प्लेगच्या दिवसांत बाळू मुंबईस गेला. तिथे रेल्वेत नोकरी आणि हिंदू जिमखान्याकडून खेळणे सुरू झाले. १९०६ साली हिंदूंच्या संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, तेव्हा बाळूने सामन्यात आठ गडी बाद केले होते. त्याचा भाऊ शिवराम त्याच संघात होता. १९११ साली हिंदुस्थानचा संघ पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेला. त्या दौऱ्यात बाळूने ११४ बळी घेतले. तेव्हा त्याचे वय पस्तिशीला आलेले होते. परत आल्यावर मुंबईत दलित समाजाने त्याचा सत्कार केला, आणि त्या सत्कारात तरुण भीमराव आंबेडकरांचाही वाटा होता.

पण कर्णधारपद? ते काही बाळूला मिळेना. दर वर्षी मागणी होई आणि दर वर्षी नाव दुसरे निघे. पुढे विठ्ठल हा धाकटा भाऊ नामांकित फलंदाज झाला. संघात बाळू, शिवराम, गणपत, विठ्ठल असे चौघे भाऊ वेगवेगळ्या वेळी खेळले. संघाच्या निम्म्या यशाचा भार एका घराने उचलला होता म्हणा ना! तरी संघाच्या शेंडीशी त्या घरातला माणूस कधी नाही.

मग १९२० साल उजाडले. कर्णधार पै आजारी पडले. बाळूचे वय तेव्हा चव्वेचाळीसच्या आसपास, त्याला संघातूनच वगळले होते. विठ्ठल मात्र भर उमेदीत होता, आणि खेळाच्या हिशेबाने पाळी त्याची होती. निवड समितीने नेतृत्व दिले पुण्याच्या प्राध्यापक दि. ब. देवधर यांना. देवधर हे थोर खेळाडू होते, याबद्दल वाद नाही. पण विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी ठरवले, की आता पुरे. त्यांनी संघातून माघार घेतली आणि त्याची कारणे वर्तमानपत्रातून जाहीर केली. जातीच्या कारणाने आपणांस डावलले जाते, हे त्यांनी स्वच्छ शब्दांत मांडले.

त्यांनी काय केले आणि काय केले नाही, ते नीट पाहा. त्यांनी खेळपट्टी उखडली नाही. प्रतिस्पर्ध्यावर दगड टाकला नाही. देवधरांना शिव्या दिल्या नाहीत. त्यांनी स्वतःचा खेळ बाजूला ठेवला. आपल्याजवळची सर्वांत मोलाची वस्तू जी, तीच पणाला लावली, आणि कारण सही करून सांगितले.

तेव्हाही लोक म्हणालेच असतील, की ऐन सामन्याच्या तोंडावर हे कसले राजकारण! पण शहरात चर्चा पेटली आणि समितीला नमते घ्यावे लागले. त्याच वर्षी बाळूला परत बोलावून उपकर्णधार केले. पै बरे होऊन खेळायला आले होते. ते थोडा वेळ मैदानाबाहेर गेले, आणि तेवढा वेळ का होईना, चार रुपयांवर रूळ फिरवणारा बाळू हिंदूंच्या संघाचे नेतृत्व करीत उभा राहिला. आणि १९२३ साली विठ्ठल रीतसर कर्णधार झाला. त्या वर्षी हिंदूंचा संघ स्पर्धा जिंकला.

आता आपण आपल्या मुळशीकडे येऊ. १९२० साली विठ्ठल आणि शिवराम यांनी “नाही” म्हटले. १९२१ च्या रामनवमीला, १६ एप्रिलला, आपल्या खोऱ्यातल्या मावळ्यांनीही “नाही” म्हटले. मुंबईला वीज पुरवण्यासाठी टाटा कंपनीचे धरण होत होते, आणि जमिनी जात होत्या आपल्या. विनायकराव भुस्कुटे गावोगाव फिरले. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यात सेनापती झाले. तो सत्याग्रह १९२४ पर्यंत चालला, आणि धरण झालेच. शेते पाण्याखाली गेली. म्हणजे एका ठिकाणी “नाही” म्हटल्याचे फळ तीन वर्षांत मिळाले, आणि दुसऱ्या ठिकाणी तीन वर्षे झुंजून जमीन गेली. म्हणून मी आपणांस असे सांगणार नाही, की निषेध केला म्हणजे यश येतेच. पण मुळशीच्या माणसाने “नाही” म्हणणाऱ्याला उपद्रवी म्हणू नये. आपल्या आज्या-पणज्यांना त्या काळी पुष्कळांनी तेच म्हटले होते.

येथे कुणी विचारील, “मग काय, खेळाच्या मैदानावर ज्याला जे वाटेल ते करू द्यायचे?” नाही मंडळी. तसे मुळीच नाही. १९९१ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या वानखेडे मैदानावर काही राजकीय कार्यकर्ते शिरले आणि त्यांनी खेळपट्टी खणून काढली. पाकिस्तानचा संघ येऊ नये हा हेतू. तो दौरा रद्द झाला. पाकिस्तानशी खेळावे की नाही, यावर आपली मते दोन असू शकतील. पण विठ्ठलचा नकार आणि ही कुदळ, दोन्हींना एकच निषेध हे नाव देणे बरोबर नाही. विठ्ठलने गमावले ते स्वतःचे. कुदळ चालवणाऱ्यांनी मोडले ते दुसऱ्याचे. खेळपट्टी राखणाऱ्या माणसाची मेहनत त्यात मातीमोल झाली, आणि मंडळी, असाच एक खेळपट्टी राखणारा नोकर एकेकाळी बाळू होता.

तेव्हा कुठलाही निषेध कानावर आला की मी मनाशी तीन प्रश्न विचारतो. तो करणारा स्वतः काय गमावायला तयार आहे? तो जे मागतो ते फक्त स्वतःसाठी, की त्याच्यामागून येणाऱ्यांसाठीही? आणि त्याने दुसऱ्याचा खेळ मोडला, की आपला बाजूला ठेवला? या तीन प्रश्नांची उत्तरे नीट मिळाली, तर मागणी आपल्याला पटो वा न पटो, त्या माणसाचे म्हणणे ऐकून घेणे आपले कर्तव्य ठरते.

जगातही हीच कसोटी लागू पडते. १९६८ साली मेक्सिकोच्या ऑलिंपिकमध्ये टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस हे अमेरिकेचे दोन काळे धावपटू पदके घ्यायला उभे राहिले आणि त्यांनी काळा हातमोजा घातलेली मूठ वर केली, आपल्या लोकांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध. त्यांना घरी धाडण्यात आले. १९७४ साली टेनिसच्या डेव्हिस चषकात आपला देश अंतिम फेरीत पोहोचला. समोर होता दक्षिण आफ्रिकेचा संघ. तिथल्या वर्णभेदाचा निषेध म्हणून भारताने सामना खेळायला नकार दिला, आणि चषक न खेळता दक्षिण आफ्रिकेला मिळाला. अमृतराज बंधूंसारख्या आपल्या खेळाडूंच्या हातची संधी गेली. आणि दिल्लीला धरणे धरलेल्या साक्षी मलिकने २०२३ च्या डिसेंबरात महासंघाच्या निवडणुकीचा निकाल लागल्यावर आपले कुस्तीचे बूट टेबलावर काढून ठेवले आणि कुस्ती सोडली. पैलवानाने बूट उतरवणे म्हणजे काय, हे आपल्या तालुक्यात समजावून सांगायला नको.

एक गोष्ट आणखी. निषेध करणारे सारे पुढे एकाच वाटेने जातात असेही नाही. बाळू पुढे स्वतः राजकारणात उतरला. १९३२ च्या पुणे करारावर त्याची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्याला मुंबईत उभे केले ते खुद्द डॉ. आंबेडकरांविरुद्ध. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूला ११,२२५. ज्याच्या सत्काराला जो एकेकाळी उभा होता, त्याच्याशीच ही झुंज. कोण बरोबर होते यावर आजही लोक वाद घालतात. पण बाळू हरला म्हणून मातीच्या वाडग्याचा अन्याय खोटा ठरत नाही. खेळाडूचे प्रत्येक राजकीय मत आपण मान्य करावे, असे कुणी म्हणत नाही. त्याला मत असू शकते, एवढे मान्य केले तरी पुरे आहे. बाळू १९५५ च्या जुलैत वारला.

गुरुजन हो, आता शेवटचे थोडे आपल्याशी. हा विषय दिल्लीचा किंवा मुंबईचा आहे असे समजू नका. आपल्या शाळेचे मैदान हेही मैदानच आहे. कबड्डीचा संघ निवडताना नायक कोण होतो, ते एकदा पाहा. सरपंचाचा मुलगा होतो, की ज्याची चढाई चांगली आहे तो? धनगरवस्तीवरून किंवा कातकरवाडीवरून डोंगर उतरून येणारा पोरगा पळण्यात सर्वांच्या पुढे असतो. तालुक्याच्या स्पर्धेला त्याचे नाव जाते का? त्याच्याजवळ बूट नाहीत म्हणून जात नसेल, तर बूट कुणी आणायचे? मुली खो-खो खेळायला लागल्या की मैदानाचा कोपरा त्यांना, आणि मधली जागा मुलांना, असे तर होत नाही ना? खेळ संपल्यावर सारी मुले एकाच तोटीला पाणी पितात, की अजून कुठे नजर चुकवून वाडगा वेगळा असतो?

आणि एखादा पोरगा धीर करून म्हणाला, “गुरुजी, माझी पाळी होती,” तर त्याला “राजकारण करू नकोस” म्हणून बसवू नका. आधी विचारा, “पाळी खरंच तुझी होती का?” नसेल, तर त्याला समजावून सांगा. असेल, तर पाळी द्या. तो पोरगा पुढे पैलवान होईल न होईल, पण अन्याय झाला तर दुसऱ्याचे न मोडता सरळ उभे राहून बोलावे, एवढे तो तुमच्या मैदानावर शिकेल.

पुढच्या चैत्रात यात्रा भरेल. हलगी वाजेल. पंच जोडी लावतील. कुणी बाप उठून तक्रार करील. त्या वेळी लगेच त्याला खाली बसवू नका, एवढीच माझी आपणांस विनंती. घटकाभर हलगी थांबवा, आणि त्याचे म्हणणे ऐका. कुस्ती कुठे पळून जात नाही. ऐकून घेतल्यानंतर जी जोड लागेल ती पाहायला दोघेही बाप मोकळ्या मनाने बसतील.

नमस्कार.